विस्मृत भविष्य निर्वाह निधी व निवृत्तिवेतनाचा शोध

विस्मृत भविष्य निर्वाह निधी व निवृत्तिवेतनाचा शोध म्हणजे नोकरी सुटल्यानंतर पाठपुरावा न झाल्यामुळे पडून राहिलेली भविष्य निर्वाह निधीची (पीएफ) रक्कम किंवा निवृत्तिवेतनाचा हक्क शोधून काढणे व त्यावर रीतसर दावा करणे होय. मूळ सदस्य वृद्ध असल्याने हे काम बहुधा त्याची मुले करतात. भारतात हा विषय मुख्यतः कर्मचारी भविष्य निर्वाह निधी संघटनेच्या (ईपीएफओ) अखत्यारीत येतो. या लेखात प्रक्रियेचे सर्वसाधारण स्वरूप आणि ठाणे जिल्ह्यातील तानसा परिसराच्या (शहापूर व मुरबाड तालुके) संदर्भातील बाबी दिल्या आहेत.

पार्श्वभूमी

कर्मचारी भविष्य निर्वाह निधी योजना १९५२ च्या अधिनियमाखाली सुरू झाली. आरंभी ती सिमेंट, सिगारेट, अभियांत्रिकी, लोखंड व पोलाद, कागद आणि कापड या सहा उद्योगांपुरती होती. कापड उद्योगाचा समावेश असल्याने मुंबईतील गिरणी कामगार पहिल्यापासूनच तिच्या कक्षेत आले. १ मार्च १९७१ पासून कुटुंब निवृत्तिवेतन योजना लागू झाली. १६ नोव्हेंबर १९९५ पासून तिची जागा कर्मचारी निवृत्तिवेतन योजना, १९९५ (ईपीएस-९५) हिने घेतली. या योजनेत मालकाच्या वर्गणीतील वेतनाच्या ८.३३ टक्के इतका भाग निवृत्तिवेतन निधीत जमा होतो.

सार्वत्रिक खाते क्रमांक (यूएएन) २०१४ मध्ये सुरू झाला. त्यापूर्वी प्रत्येक नोकरीत कामगाराला नवा पीएफ क्रमांक मिळत असे. त्यामुळे तीन कारखान्यांत काम केलेल्या व्यक्तीची तीन स्वतंत्र खाती असू शकतात. २०१४ पूर्वीच नोकरी सोडलेल्यांना यूएएन बहुधा मिळालेलाच नसतो.

पीएफ आणि निवृत्तिवेतन यांतील भेद

पीएफची रक्कम काढली म्हणजे सर्व हिशेब संपला, असा समज आढळतो. प्रत्यक्षात पीएफची अंतिम रक्कम नमुना १९ द्वारे मिळते. निवृत्तिवेतन निधीतील लाभासाठी नमुना १०-क हा वेगळा अर्ज करावा लागतो. केवळ नमुना १९ भरलेल्या सदस्याचा निवृत्तिवेतनविषयक हक्क शिल्लक असू शकतो.

दहा वर्षांची पात्र सेवा झाली असल्यास सदस्याला वयाच्या ५८ व्या वर्षापासून मासिक निवृत्तिवेतन मिळू शकते. त्यासाठी नमुना १०-ड भरावा लागतो. वयाच्या पन्नाशीनंतर कमी दराने मुदतपूर्व निवृत्तिवेतन घेण्याचीही सोय आहे. सेवा दहा वर्षांहून कमी असल्यास एकरकमी लाभ मिळतो. वेगवेगळ्या मालकांकडील सेवा एकत्र धरता येत असल्याने जुन्या नोकऱ्यांचा शोध महत्त्वाचा ठरतो. सहा व पाच वर्षांच्या दोन नोकऱ्या जोडल्या गेल्यास दहा वर्षांची अट पूर्ण होते. मात्र आधीच्या सेवेचा लाभ काढून घेतलेला नसावा.

नोव्हेंबर १९९५ नंतरच्या सेवेसाठी निवृत्तिवेतनपात्र वेतनास पात्र सेवेच्या वर्षांनी गुणून ७० ने भागले जाते. ५,००० रुपये वेतन व १२ वर्षे सेवा असल्यास हा आकडा सुमारे ८५७ रुपये येतो. १ सप्टेंबर २०१४ पासून सदस्याचे किमान निवृत्तिवेतन दरमहा १,००० रुपये आहे. ते वाढवण्याची मागणी जुनी आहे. भगतसिंह कोश्यारी यांच्या अध्यक्षतेखालील राज्यसभेच्या याचिका समितीने २०१३ मध्ये किमान ३,००० रुपयांची शिफारस केली होती.

शोधाची पद्धत

शोधाची सुरुवात घरातील कागदपत्रांपासून होते. वेतनचिठ्ठी, वार्षिक पीएफ स्लिप, नेमणूकपत्र, हजेरीपत्र, सेवासमाप्तीचे पत्र आणि ईएसआयसी कार्ड यांवरून आस्थापनेचे नाव व सेवेचा काळ निश्चित करता येतो. पीएफ क्रमांकात राज्य व कार्यालयाचा संकेत, आस्थापनेचा क्रमांक आणि सदस्याचा क्रमांक असतो. उदाहरणार्थ, ‘एमएच/बीएएन’ हा संकेत महाराष्ट्रातील वांद्रे कार्यालयाचा आहे.

सदस्याचा क्रमांक मिळाला नाही, तरी आस्थापनेच्या नावावरून ईपीएफओच्या संकेतस्थळावर तिचा संकेत क्रमांक शोधता येतो. त्यानंतर संबंधित क्षेत्रीय कार्यालयाकडे सदस्याचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव, जन्मतारीख व सेवाकाळ देऊन लेखी चौकशी करावी लागते. अर्ज राहत्या ठिकाणच्या नव्हे, तर आस्थापना ज्या कार्यालयाकडे नोंदलेली होती तेथील अभिलेखांशी निगडित असतो. जुनी विवरणे कागदी असल्याने वर्षनिहाय वर्गणीची नोंद असलेला नमुना ३-अ हा महत्त्वाचा पुरावा ठरतो. उत्तर न मिळाल्यास ईपीएफओच्या तक्रार संकेतस्थळाचा किंवा माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ चा आधार घेता येतो. दर महिन्याला जिल्हास्तरावर होणाऱ्या ‘निधी आपके निकट’ या उपक्रमातही तक्रार मांडता येते.

मोठ्या कंपन्यांपैकी काहींना अधिनियमाच्या कलम १७ खाली सूट होती व त्यांचा पीएफ स्वतःच्या विश्वस्त निधीकडे असे. अशा वेळी पीएफचा शोध विश्वस्त निधीकडे घ्यावा लागतो. ईपीएस-९५ चा हिशेब मात्र ईपीएफओकडेच असतो.

रिझर्व्ह बँकेच्या ‘उद्गम’ संकेतस्थळावर बँकांमधील दावा न केलेल्या ठेवी शोधता येतात. पीएफ खाती तेथे दिसत नाहीत.

मुलांची भूमिका

आई किंवा वडील हयात असताना दाव्यावर त्यांचीच सही किंवा अंगठा लागतो. मुले कागदपत्रे जमवणे, अर्ज लिहिणे आणि प्राधिकारपत्र घेऊन कार्यालयात पाठपुरावा करणे ही कामे करू शकतात. ऑनलाइन दाव्यात आधारशी जोडलेल्या मोबाइलवर सांकेतिक क्रमांक येतो, म्हणून तो मोबाइल क्रमांक चालू असणे आवश्यक असते. दाव्यासाठी ईपीएफओ कोणतेही शुल्क घेत नाही. रकमेचा ठरावीक हिस्सा मागणाऱ्या मध्यस्थांपासून सावध राहणे हिताचे ठरते.

सदस्याचे निधन झाले असल्यास पीएफसाठी नामनिर्देशित व्यक्ती किंवा वारस नमुना २० भरतात. निवृत्तिवेतन घेत असताना सदस्य मरण पावल्यास त्याच्या पत्नीला किंवा पतीला कुटुंब निवृत्तिवेतनाचा हक्क असतो. सेवेत असताना मृत्यू झाल्यास दहा वर्षांच्या सेवेची अट नसते. किमान एक महिन्याची वर्गणी पुरेशी असते.

तानसा परिसरातील बाबी

शहापूर तालुक्यातील तानसा धरण १८९२ मध्ये पूर्ण झाले आणि ते मुंबई महानगरपालिकेच्या पाणीपुरवठ्याचा भाग आहे. महापालिकेच्या कायम सेवेतील जुन्या कर्मचाऱ्यांचे निवृत्तिवेतन महापालिका देते. त्यांचा शोध ईपीएफओकडे घेऊन उपयोग होत नाही. कंत्राटदाराकडील कामगारांची स्थिती वेगळी असते. पीएफ अधिनियमाखाली कंत्राटदाराच्या कामगारांची वर्गणी भरली जाण्याची जबाबदारी मुख्य मालकावरही असते. त्यामुळे अशा कामगाराने कंत्राटदाराचे नाव आणि ज्याच्यासाठी काम केले ती संस्था, दोन्ही नमूद करणे उपयुक्त ठरते.

आसनगाव व वासिंद परिसरातील कारखाने, मुरबाडची औद्योगिक वसाहत आणि मध्य रेल्वेने गाठता येणारी कल्याण, ठाणे व मुंबईतील आस्थापने अशा निरनिराळ्या ठिकाणी येथील रहिवाशांच्या नोकऱ्या असतात. म्हणून एकाच व्यक्तीचे अभिलेख ठाणे व वांद्रे अशा दोन कार्यालयांत असू शकतात.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर काम गमावलेल्यांच्या बाबतीत तारखा निर्णायक ठरतात. ईपीएस-९५ सामान्यतः १६ नोव्हेंबर १९९५ रोजी किंवा नंतर सेवेत असलेल्यांना लागू होते. १ एप्रिल १९९३ ते १५ नोव्हेंबर १९९५ या काळात सेवा सुटलेल्यांना विकल्प देण्यात आला होता. त्यापूर्वी सेवा संपलेल्यांचा शोध पीएफ व १९७१ च्या योजनेतील लाभापुरता मर्यादित राहतो.

सामान्य अडचणी

नावातील फरक ही मोठी अडचण आहे. स्त्रियांच्या बाबतीत कारखान्यात माहेरचे आणि आधारवर सासरचे नाव असते. काहींच्या नोंदीत आडनावाऐवजी जमातीचे नाव किंवा केवळ अंदाजे जन्मवर्ष आढळते. दुरुस्तीसाठी सदस्य व मालक यांचे संयुक्त घोषणापत्र लागते. कारखाना बंद असून मालक सापडत नसल्यास दाव्याच्या अर्जाचे साक्षांकन राजपत्रित अधिकारी, बँक व्यवस्थापक, पोस्टमास्तर किंवा सरपंच यांच्याकडून करून घेण्याची तरतूद आहे. कंपनी अवसायनात गेली असल्यास उच्च न्यायालयाशी संलग्न शासकीय अवसायकाकडे जुने अभिलेख असू शकतात.

निष्क्रिय खाती व कालमर्यादा

१ एप्रिल २०११ पासून ३६ महिने वर्गणी न आलेल्या खात्यांवरील व्याज थांबवण्यात आले होते. २०१६ च्या दुरुस्तीनंतर नोकरी सुटलेल्या सदस्याचे खाते वयाच्या ५८ व्या वर्षापर्यंत व्याजास पात्र राहते. खाते निष्क्रिय झाल्यानंतर सात वर्षे दावा न झाल्यास रक्कम ज्येष्ठ नागरिक कल्याण निधीकडे वर्ग होऊ शकते. हा निधी २०१५ च्या वित्त अधिनियमाने स्थापन झाला. वर्ग झालेल्या रकमेवर पुढील २५ वर्षे दावा करता येतो. त्यानंतर ती केंद्र सरकारकडे जाते.

मंजुरीनंतर

निवृत्तिवेतन मंजूर झाल्यावर बारा अंकी निवृत्तिवेतन प्रदान आदेश क्रमांक (पीपीओ) मिळतो. त्यानंतर दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो ‘जीवन प्रमाण’ या अंकीय पद्धतीने वर्षात केव्हाही देता येतो आणि बारा महिने ग्राह्य असतो. दाखला न दिल्यास निवृत्तिवेतन थांबते.

हे सुद्धा पहा

कर्मचारी भविष्य निर्वाह निधी संघटना
मुंबईतील गिरणी कामगारांचा संप
तानसा धरण
माहितीचा अधिकार अधिनियम, २००५