वाड्यात शिरण्यापूर्वी

बुलढाणा जिल्ह्यातल्या सिंदखेडराजाला बहुतेक जण जातात ते जिजाऊंच्या जन्मस्थानी माथा टेकायला. लखुजीराव जाधवांच्या या राजवाड्यात १२ जानेवारी १५९८ रोजी जिजाऊ जन्मल्या. दर्शन झाल्यावर तिथेच आणखी थोडे थांबावे, अशी वाड्यांच्या अभ्यासाकडे वळणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे. जहागिरीच्या गावातले धन्याचे घर हा अभ्यासाचा मोठा विषय आहे आणि त्यात शिरायला बुलढाणा जिल्ह्याइतकी चांगली जागा मला दुसरी दिसत नाही.

विलायतेत यावर पूर्वीच ग्रंथ झाले. १८६४ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यात, रॉबर्ट केर या वास्तुकाराने उमरावांच्या हवेल्या कशा बांधाव्यात हे सविस्तर लिहिले. पहिला मान त्याने एकांताला दिला: घरधनी आणि नोकरचाकर एकमेकांच्या नजरेस पडू नयेत, म्हणून दोघांच्या वाटा, जिने, दालने वेगळी. वाड्यापुढेही हाच प्रश्न होता. आपल्याकडे तो चौकाने सोडवला. देवडीवर पहारेकरी, ओसरीवर आला-गेला, माजघरापलीकडे बायकामाणसे. एकेक उंबरठा ओलांडताना परकी माणसे मागे राहतात, आणि रस्त्याकडच्या भिंतीला खिडकी नसली तरी उघड्या चौकातून उजेड-वारा सगळ्यांना मिळतो. मला ही मांडणी अधिक शहाणपणाची वाटते.

नव्या अभ्यासकाने महाद्वारापाशीच खिळून राहू नये. घर चालते पाण्यावर. मोती तलाव, चांदणी तलाव आणि मूर्तींनी नटलेली पुतळा बारव पाहिल्याशिवाय जाधवांचा वाडा कळत नाही. काळा कोटही पाहावा, आणि १६२९ साली देवगिरीवर निजामशाही दरबारात मारल्या गेलेल्या लखुजीरावांची समाधीसुद्धा. २०२४ साली समाधीजवळच्या उत्खननात शेषशायी विष्णूची मूर्ती निघाली. जाधवांच्या आधीच्या काळाच्या खुणा तिथेच मातीखाली आहेत.

मग गावोगावच्या धाब्याच्या घरांकडे वळावे. लाकडी खांब, त्यांवर तुळया, वर पांढऱ्या मातीचा जाड थर. भर उन्हाळ्यात खाली गारवा असतो. पण पावसाळ्याआधी धाब्यावर नवी माती पडत राहते, भार वाढतो आणि एखादी तुळई वाकते. असे घर एकदा पाडले की कोरीव खांब विकले जातात आणि घराचा आराखडा कायमचा जातो. तो कागदावर उतरवणे हे या क्षेत्रातले सर्वांत निकडीचे काम आहे. त्याला मोजपट्टी, वही आणि घरातल्या एखाद्या आजींची सोबत पुरते. बळदात धान्य कुठून ओतत, बाळंतिणीची खोली कोणती, पाहुण्यांना कुठवर येऊ देत, हे त्याच सांगतील.