'साहेबाचे ओटे' आणि हेलियमची कागदपत्रे

विजयदुर्ग किल्ल्यावरच्या काही चौथऱ्यांना स्थानिक लोक 'साहेबाचे ओटे' म्हणतात. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात नॉर्मन लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञाने येथूनच सूर्य न्याहाळला आणि हेलियमचा शोध लावला, ही हकिकत आपण ऐकलेली असते. अनेकांनी ती वर्गातही सांगितलेली असते. पूर्वी ती पडताळायची तर मुंबई-पुण्याची मोठी ग्रंथालये पालथी घालावी लागत. आता तसे नाही. लंडनच्या रॉयल सोसायटीने सत्तर वर्षांहून जुने आपले शोधनिबंध २०११ मध्ये इंटरनेटवर विनामूल्य खुले केले. पॅरिसच्या विज्ञान अकादमीची इतिवृत्ते फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या 'गॅलिका' या संग्रहात आहेत.

ही कागदपत्रे काय सांगतात? १८६८ च्या ग्रहणासाठी फ्रान्सचा जान्सेन गुंटूरला होता, मद्रास वेधशाळेचा पॉगसन मच्छलीपट्टणला, तर लेफ्टनंट जॉन हर्शेल जमखंडीला. लॉकियर मात्र इंग्लंडमध्येच होता! ग्रहण नसतानाही सौरज्वालांचा वर्णपट दिसू शकेल, असा त्याचा तर्क होता. नवे उपकरण हाती येताच २० ऑक्टोबर १८६८ रोजी त्याने तो खरा करून दाखवला आणि त्याच तारखेचे एक छोटे टिपण रॉयल सोसायटीला धाडले. त्यात तीन तेजस्वी रेषांचा उल्लेख आहे. त्यांतील एक सोडियमच्या 'डी' रेषेजवळची. जान्सेनने हीच युक्ती ग्रहणाच्या दुसऱ्या दिवशी गुंटूरला वापरली होती. पण त्याचे पत्र काकिनाड्याहून पॅरिसला पोहोचायला वेळ लागला. दोघांचे वृत्त अकादमीपुढे आले ते एकाच दिवशी, २६ ऑक्टोबरला.

ती पिवळी रेषा ५८७.६ नॅनोमीटरची, सोडियमच्या रेषा ५८९.० आणि ५८९.६ च्या. हा दीड-दोन नॅनोमीटरचा फरक नेमका मोजल्यावरच ती रेषा सोडियमची नव्हे हे ठरले. पृथ्वीवर हेलियम हाती आला तो १८९५ मध्ये, रॅम्झेच्या प्रयोगशाळेत. म्हणजे 'अमुक दिवशी, अमुक ठिकाणी शोध लागला' असे एका वाक्याचे उत्तर येथे चालतच नाही. परीक्षेत ते चालते, हा भाग वेगळा.

मग दंतकथा निव्वळ खोटी समजायची का? तसेही नाही. लॉकियर विजयदुर्गला खरोखरच आला होता, पण तीस वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी. 'मेल्पोमिनी' या युद्धनौकेवरचे नौसैनिक त्याच्या मदतीला होते. या मोहिमेचा अहवालही रॉयल सोसायटीने छापला आहे. ओट्यांचा संबंध १८९८ शी लावणे आम्हाला अधिक सयुक्तिक वाटते. तीस वर्षांच्या अंतराने झालेली दोन ग्रहणे लोकांच्या आठवणीत एक झाली असावीत.

शोध घेताना एक अडचण हटकून येते. गावाचे आजचे इंग्रजी स्पेलिंग टाकले तर काहीच हाती लागत नाही, कारण त्या वेळचे इंग्रज 'व्हिझियाद्रुग' असे लिहीत. गुंटूर, काकिनाडा, मच्छलीपट्टण या सर्वांची तीच गत. तेव्हा आधी जुन्या नकाशातील किंवा गॅझेटियरमधील स्पेलिंग शोधावे आणि मग तारीख घालून निबंध पाहावेत. सावलीचा पट्टा कोठून गेला हे नासाच्या पाच हजार वर्षांच्या ग्रहणसूचीतून मिळते. त्यावरून विद्यार्थ्यांना दोन्ही ग्रहणांचे पट्टे एकाच नकाशावर काढायला सांगता येतील. मिठाचे कण ज्योतीत टाकून सोडियमचा पिवळा रंगही त्याच तासाला दाखवावा.

याच १८९८ च्या ग्रहणाचे वेध पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथून घेतले होते. त्यांचाही अहवाल छापला गेला आहे. तो शोधताना आडनावाची दोन-तीन स्पेलिंगे करून पाहावी लागतात.