पुरुषांमधील ताठरतेचा दोष : लक्षणे कशी ओळखावीत?

संभोगासाठी लिंगाला पुरेशी ताठरता न येणे किंवा आलेली न टिकणे आणि हे किमान तीन महिने सातत्याने घडणे, याला वैद्यकशास्त्र ‘इरेक्टाइल डिसफंक्शन’ म्हणते. थकवा, मद्यपान वा ताणामुळे एखाद्या रात्री आलेले अपयश त्यात मोडत नाही. शीघ्रपतन वेगळे, इच्छा मंदावणे वेगळे. स्वप्नावस्था आणि ‘धातू जाणे’ ही तर या विकाराची लक्षणेच नव्हेत. मात्र भिंतींवरील ‘गुप्तरोग’वाल्यांचा धंदा बव्हंशी याच गैरसमजावर चालतो. लैंगिक शक्ती वाढविण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, हे किती जणांना ठाऊक असते?

पहाटेची ताठरता ही महत्त्वाची खूण. ती पूर्ववत असेल आणि तक्रार अचानक, विशिष्ट प्रसंगीच उद्भवत असेल, तर कारण बहुधा मानसिक असते. ताठरता हळूहळू कमी होत गेली, पहाटेही येईनाशी झाली, तर शारीरिक कारणाचा संशय घ्यावा. अनेकदा दोन्ही एकत्र नांदतात.

शारीरिक कारणांत मधुमेह, रक्तदाब आणि तंबाखू अग्रस्थानी आहेत. वऱ्हाडातला खर्रा यातून सुटत नाही. निकोटिन रक्तवाहिन्या आकुंचित करते. लिंगाच्या रोहिण्यांचा व्यास जेमतेम एक-दोन मिलिमीटर, तर हृदयाच्या रोहिण्यांचा तीन-चार. म्हणून चरबीचा थर साचू लागला की त्याचा परिणाम आधी येथे दिसतो, छातीतले दुखणे दोन ते पाच वर्षांनी येऊ शकते. चाळिशीतल्या पुरुषाने ही तक्रार लाजेखातर दडविणे म्हणजे हृदयाची पूर्वसूचना दडविणे होय. रक्तदाब वा नैराश्यावरील काही गोळ्यांमुळेही हा त्रास होतो. पण त्या परस्पर बंद करू नयेत.

अकोल्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे सर्वोपचार रुग्णालय, अमरावतीत ‘इर्विन’ या जुन्या नावाने परिचित जिल्हा सामान्य रुग्णालय, येथे प्रथम फिजिशियनला भेटावे. रक्तातील साखर, कोलेस्टेरॉल, रक्तदाब आणि सकाळच्या वेळी टेस्टोस्टेरॉन, एवढ्या तपासण्यांतून बरेच उलगडते. पत्नी सोबत असल्यास उत्तम.

सिल्डेनाफिल १९९८ पासून उपलब्ध आहे व गुणकारीही आहे. परंतु छातीच्या दुखण्यासाठी नायट्रेटची गोळी घेणाऱ्याने ते घेतल्यास रक्तदाब एकाएकी कोसळून जीव जाऊ शकतो. औषधाच्या दुकानातून ते परस्पर आणणे म्हणूनच घातक.