उंबरखिंड आणि गाडगेभर ताक



बऱ्याच दिवसांनी लिहितो आहे. परवा पुण्याहून नातवाचा फोन आला. "आजोबा, रविवारी राजगडला चाललोय. ऑफिसातले आठ जण. गड कुणीच चढलेला नाही, मजा येईल!" पाणी किती घेणार म्हणून विचारले. "एक बाटली. वर मिळतंच की."

फोन ठेवला आणि मला कारतलबखान आठवला. (जन्मभर इतिहास शिकवला, दुसरे काय आठवणार!)

1660 साली शाहिस्तेखान पुण्यात येऊन बसला. कोकण घ्यायला त्याने कारतलबखान उझबेकाला पाठवले, सोबत माहूरची रायबागन. एवढे मोठे सैन्य आणि त्याचा लवाजमा घेऊन खान लोणावळ्याजवळच्या कुरवंडे घाटाने खाली उतरला. वाट अशी, की एकामागे एकानेच चालावे. दोन्हीकडे दाट रान. उंबरखिंडीत, म्हणजे आजच्या खालापूर तालुक्यातल्या चावणी गावाजवळ, 2 फेब्रुवारी 1661 रोजी महाराजांनी त्याला गाठले. पुढची वाट बंद, मागचीही बंद. सैन्य तहानेने कासावीस झाले. या रानात शिरलासच कशाला, असे रायबागननेच खानाला सुनावल्याचे परमानंदाच्या 'शिवभारता'त आहे. शेवटी खान शरण आला, खंडणी दिली आणि सुटला. मैदानात तो कच्चा नव्हता हो. पण मैदानातली ऐट त्याने घाटात तशीच नेली.

हा धडा मी वर्गात फार रंगवून सांगत असे. पोरे खानाला हसायची, मीही हसायचो.

आणि 1983 च्या डिसेंबरात आठवीची मुले घेऊन मीच राजगडाला गेलो! आम्ही सांगोल्याची माणसे. माणदेशी, दुष्काळात वाढलेली. दोन कोस पाणी वाहिलेले. तहान आम्हाला काय शिकवणार, असा माझा तोरा. गुंजवण्यातून निघायलाच अकरा वाजले. निम्म्या मुलांच्या पायात स्लिपर. पाण्याचे दोन कॅन होते, ते पहिल्या तासातच संपले. चोरदरवाजाच्या चढाखाली एक मुलगा मटकन खाली बसला. डोळे फिरलेले, अंगाला घाम नाही. खाली दरी. माझे हातपाय गळाले. अंगावर घालायला घोटभर पाणी नाही!

गडावर ताक विकणारी एक मावशी मागून चढत आली. डोक्यावर गाडगे. तिने त्याला सावलीत ओढले, पदराने वारा घातला, घोट घोट ताक पाजले. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "गुरुजी, पोरं आणली आन् पाणी नाय आणलं?" पैसे घेतले नाहीत तिने.

मुलगा तासाभराने उठला. मी सगळ्यांना तिथूनच परत फिरवले. गावी आल्यावर त्याच्या वडिलांना "जरा दमला होता" एवढेच सांगितले. खरे कधीच सांगितले नाही. आता ते नाहीत.

असो. 30 जून 2024 ला त्याच लोणावळ्यात, भुशी धरणामागच्या धबधब्यात, एकाच कुटुंबातली पाच माणसे वाहून गेली. तिथे पाणी कमी नव्हते, जास्त होते. थोडा वेळ मजा करायला गेलेली माणसे. ते दृश्य टीव्हीवर बघताना मी आवाज बंद केला होता.

रात्री नातवाला परत फोन लावला. उंबरखिंड सांगायला लागलो तर म्हणाला, "माहीत आहे आजोबा, शाळेत होतं." मग ताकाची गोष्ट सांगितली. घरात ती कुणालाच ठाऊक नव्हती. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "माणशी तीन लिटर बास का?"