शालेय अधिकाऱ्यांचे दायित्व (अमेरिकेची संयुक्त संस्थाने)

विद्यार्थ्यांच्या घटनादत्त हक्कांचा भंग झाल्यास सरकारी शाळांचे मुख्याध्यापक, अधीक्षक आणि शाळा मंडळाचे सदस्य यांच्यावर व्यक्तिशः येणारी दिवाणी जबाबदारी. तिचा आधार १८७१ चा नागरी हक्क कायदा होय. कू क्लक्स क्लॅनच्या हिंसाचाराला आळा घालण्यासाठी झालेल्या या कायद्यातील तरतूद आज कलम १९८३ म्हणून ओळखली जाते आणि राज्याच्या अधिकाराआड कोणाचे हक्क हिरावणाऱ्या व्यक्तीविरुद्ध दावा लावण्याची मुभा देते. त्यामुळे खाजगी शाळा सामान्यतः तिच्या कक्षेबाहेर राहतात.

गॉस विरुद्ध लोपेझ (१९७५) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरविले, की अल्पकालीन निलंबनापूर्वीही विद्यार्थ्याला आरोप सांगून बाजू मांडू दिली पाहिजे. त्याच वर्षीच्या वुड विरुद्ध स्ट्रिकलँड खटल्यात, कार्यक्रमातील पेयात मद्य मिसळल्याबद्दल काढून टाकलेल्या आर्कान्सातील विद्यार्थिनींनी शाळा मंडळाच्या सदस्यांकडे भरपाई मागितली. आपले कृत्य हक्कभंग करणारे आहे हे ज्यांना ठाऊक होते किंवा ठाऊक असायला हवे होते, अथवा ज्यांचा हेतू दुष्ट होता, त्यांना उन्मुक्ती, म्हणजे दाव्यापासूनचे संरक्षण मिळणार नाही, असा निर्णय पाच विरुद्ध चार मतांनी झाला. स्वतः पूर्वी रिचमंडच्या शाळा मंडळाचे अध्यक्ष राहिलेल्या न्यायमूर्ती पॉवेल यांनी, अशा जोखमीमुळे योग्य माणसे ही सेवा पत्करतील का, अशी शंका भिन्नमतपत्रात व्यक्त केली.

पुढे हे दायित्व आकुंचित होत गेले. केरी विरुद्ध पायफस (१९७८) निर्णयानुसार सुनावणी नाकारल्याने प्रत्यक्ष हानी झाल्याचे सिद्ध न झाल्यास नाममात्र, एका डॉलरपेक्षा अधिक नसलेली भरपाई मिळते. हार्लो विरुद्ध फिट्झजेराल्ड (१९८२) या निर्णयाने हेतूची कसोटी वगळली आणि कृत्याच्या वेळी संबंधित हक्क स्पष्टपणे प्रस्थापित होता काय, एवढाच प्रश्न उरला. त्याचा परिणाम ॲरिझोनातील सॅफर्ड खटल्यात (२००९) दिसला : औषधाच्या गोळ्यांच्या संशयावरून तेरा वर्षांच्या मुलीची कपडे उतरवून घेतलेली झडती घटनाबाह्य ठरली, तरी तोवरचा कायदा पुरेसा स्पष्ट नव्हता म्हणून अधिकाऱ्यांवरील भरपाईचा दावा टिकला नाही. शाळा जिल्ह्याला ही उन्मुक्ती नसली, तरी हक्कभंग त्याच्या धोरणातून किंवा रूढ प्रघातातून झाल्याचे दाखवावे लागते. परिणामी, न्यायालयाने हक्क मान्य केला तरी तो ज्याच्या खटल्यात मान्य झाला, त्या विद्यार्थ्याला भरपाई मिळेलच असे नाही. त्या निर्णयाचा लाभ मुख्यतः पुढच्या विद्यार्थ्यांना होतो.