काकांचा जीजीटी आणि एक जुनी आशा

गेल्या सुट्टीत रत्नागिरीला गेले होते, तेव्हा शेजारच्या काकांनी लिव्हरचा रिपोर्ट पुढे केला. जीजीटी वाढलेला. "ह्यातनं कॅन्सर कळतो काय गो?" नाही कळत, म्हटलं. पण संशोधकांनीही हाच प्रश्न कितीतरी वर्षं विचारलाय.

आशेची सुरुवात यकृतापासून झालीच नाही. १९३८ मध्ये अलेक्झांडर आणि एथेल गटमन यांना पसरलेल्या प्रोस्टेट कॅन्सरमध्ये रक्तातलं ॲसिड फॉस्फटेज वाढलेलं दिसलं. १९४३ मध्ये वारबुर्ग आणि ख्रिस्टियान यांना गाठी असलेल्या उंदरांच्या रक्तात अल्डोलेज जास्त सापडलं. तेव्हा रक्तातलं इतकं थोडं प्रथिन थेट मोजणं अवघड होतं. एन्झाइमचा मात्र एकेक रेणू हजारो रेणूंवर काम करतो. म्हणून एन्झाइम किती आहे यापेक्षा ते किती वेगानं काम करतंय, म्हणजे त्याची ॲक्टिव्हिटी, मोजणं सोपं पडायचं.

यकृतात घोडं अडलं. ही पेशी एन्झाइमांनी गच्च भरलेली. कावीळ, दारू, पित्तमार्गातला अडथळा, काहीही झालं तरी आकडा वर. त्यात यकृताचा कॅन्सर बहुतेकदा आधीच सिरोसिस झालेल्या यकृतात होतो. गाठ येण्याआधीच आकडा चढलेला, मग गाठीचा वेगळा कसा ओळखणार?

साठच्या दशकात पॅरिसमध्ये शापिरा यांनी प्रश्नच बदलला: अल्डोलेज किती यापेक्षा कोणतं? प्रौढ यकृतात बी प्रकार असतो, गाठीत गर्भातला ए प्रकार परत दिसतो. मला हा टप्पा सगळ्यात आवडतो. त्याच सुमारास, १९६३ मध्ये, मॉस्कोत अबेलेव्ह यांना यकृताची गाठ असलेल्या उंदरांत अल्फा-फीटोप्रोटीन सापडलं. पुढच्याच वर्षी तातारिनोव्ह यांनी ते रुग्णांत दाखवलं. तेही गर्भातलंच, पण एन्झाइम नव्हे. ते अँटिबॉडीनं पकडलं आणि दवाखान्यात तेच टिकलं.

एन्झाइमवाले तरी थांबले नाहीत. जीजीटीचे गाठीतले खास प्रकार शोधले गेले. १९८४ मध्ये फ्रान्समधून अल्फा-एल-फ्यूकोसिडेज पुढे आलं. पण सिरोसिसच्या रुग्णांशी सरमिसळ इथेही सुटली नाही.

असे जुने पेपर वाचताना मी आधी तुलनेचा गट बघते. निरोगी माणसांशी तुलना केली की कुठलाही मार्कर चमकतो. सिरोसिसवाले घेतलेत का, ते बघा. (अल्फा-फीटोप्रोटीनही हेपटायटिसमध्ये वाढतं, आणि काही गाठींत वाढतच नाही.)

काकांना डॉक्टरांनी सोनोग्राफी करायला सांगितली. फॅटी लिव्हर निघालं.