कंपनीत इंटरनेटवरून फोन कधी आला?

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी एका टिपणात लिहिलं होतं, "2003 साली स्काइप आलं आणि ऑफिसांचं फोनबिल कमी झालं." गाइडनी त्याखाली पेन्सिलने रेघ मारून विचारलं, "कुठल्या देशातल्या ऑफिसांचं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मग मागे जाऊन शोधायला लागलो. आवाजाचे छोटे डेटा-पॅकेट करून ते इंटरनेटवरून पाठवणारं 'इंटरनेट फोन' हे सॉफ्टवेअर इस्रायलच्या व्होकलटेक कंपनीने 1995 च्या फेब्रुवारीतच बाजारात आणलं होतं. कॉम्प्युटरला साउंड कार्ड आणि माइक हवा, आणि समोरच्याकडेही तेच सॉफ्टवेअर हवं. म्हणजे तंत्र स्काइपच्या आठ वर्षं आधीच तयार होतं.

आपल्याकडे अडचण वेगळीच होती. परदेशी कॉलचा मक्ता विदेश संचार निगमकडे होता आणि इंटरनेटवरून फोन करायला परवानगीच नव्हती. ती मिळाली 1 एप्रिल 2002 पासून, तीही अर्धवट. कॉम्प्युटरवरून कॉम्प्युटरवर किंवा परदेशातल्या फोनवर बोलता येई. देशातल्या साध्या फोन नंबरवर नाही. कॉल सेंटरना तर इंटरनेटवरचा आवाज आणि साधी फोनलाइन यांची सरमिसळ करायची मुभा नव्हती. ही बंधनं बऱ्याच अंशी सैल झाली ती नोव्हेंबर 2020 आणि जून 2021 मध्ये.

तिसरी अडचण ऑफिसच्या आतली. 2003 च्या ऑगस्टमध्ये आलेलं स्काइप फुकट होतं, कुणीही स्वतःच उतरवून घेऊ शके. ते फायरवॉलमधून वाट काढायचं, कॉल इतरांच्या कॉम्प्युटरमार्गेही वळवायचं आणि संभाषण कूटबद्ध असायचं. बॉससाठी बचत, पण नेटवर्क सांभाळणाऱ्याला मात्र आत-बाहेर काय चाललंय ते दिसेना.

आता माझं ते वाक्य पुन्हा वाचा. त्यात मी तीन वेगळ्या गोष्टी एका तारखेत कोंबल्या होत्या : तंत्र कधी बनलं, कायद्याने कधी चाललं आणि ऑफिसने ते कधी स्वीकारलं. पहिली तारीख कुठल्याही लेखात मिळते. दुसरीसाठी परवान्यांच्या अटी वाचाव्या लागतात. तिसरीसाठी कंपनीची जुनी बिलं, परिपत्रकं आणि तिथे काम केलेली माणसं गाठावी लागतात.

ते वाक्य मी खोडलं; त्याच्यावर उभं केलेलं अख्खं प्रकरणही नव्याने लिहावं लागलं. तुम्ही प्रस्ताव लिहायच्या आधीच या तीन तारखा वेगळ्या मांडून बघा. एखादी रिकामी राहिली, तर कदाचित तुमचा संशोधनप्रश्न तिथेच असेल.